मुजावर बाईंचा गुरुवारचा चहा

आमच्या ऑफिसात एक हालचाल रजिस्टर होतं. कामाच्या वेळेत बाहेर पडायचं तर त्यात नाव, जाण्याची वेळ, कारण आणि परत आल्याची वेळ लिहायची. कारणाच्या रकान्यात 'शासकीय काम' असं लिहून लोक चहाला, बँकेत, मुलांच्या शाळेत जाऊन येत. एक गृहस्थ तर स्वतःच्या मेहुणीच्या साखरपुड्याला जाऊन आले होते. मुजावर बाईंचं मात्र उलट होतं. त्या दर गुरुवारी दुपारी साडेतीनला शासकीय कामासाठी बाहेर पडत आणि रजिस्टरात लिहीत, 'चहा'.

हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेलं. तोवर माझी समजूत अशी, की बाई आठवड्यातून एकदा पाय मोकळे करायला जातात. वय झालंय, गुडघे धरतात, जात असतील.

त्यांना सगळे मॅडम म्हणत. बाई म्हणणारा मी एकटाच. दिल्लीला येण्याआधी चार वर्षं त्यांनी मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी माझं टिपण वाचताना त्यांनी ज्या पद्धतीने चष्मा नाकावर खाली ओढला, ती पाहून माझ्या तोंडून आपोआप 'बाई' निघालं. मी उदगीरचा. स्पर्धा परीक्षा द्यायला दिल्लीला आलो, चार वेळा आपटलो, आणि पाचव्यांदा आपटण्याऐवजी दुसरी एक लहान परीक्षा देऊन या ऑफिसात चिकटलो. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. इथे आपटलेल्या माणसांची गरज आहे. पास झालेले विचारत नाहीत कुणाला काही."

ऑफिसचं काम थोडक्यात सांगतो. शिक्षक तयार करणारी जी कॉलेजं असतात, बी.एड. वगैरेंची, त्यांची तपासणी करून त्यांच्या दर्जाचा अहवाल लिहायचा, हे आमचं काम. त्या कॉलेजांना मान्यता द्यायची किंवा काढून घ्यायची, हे रस्त्यापलीकडच्या ऑफिसचं. परीक्षा घेणारं तिसरं ऑफिस, ते आणखी कुठेतरी. आम्ही कॉलेजांना नंबर दिलेले तपासणीच्या वर्षाप्रमाणे, पलीकडच्यांनी राज्याप्रमाणे, त्यामुळे एकच कॉलेज दोन ठिकाणी दोन ओळखींनी नांदत होतं. आमचा अहवाल गोपनीय होता आणि त्यांची यादी अंतर्गत. आम्ही पत्र पाठवलं की ते खाली आवक-जावकला जाई, तिथून पिशवीत, पिशवीतून त्यांच्या आवक-जावकला, मग एका टेबलावर, मग दुसऱ्या. मधला रस्ता दीडशे पावलांचा. पत्राला दोन महिने लागत. तेवढ्यात आम्ही ज्या कॉलेजाला 'वर्गखोल्या नाहीत' म्हणून नापास केलेलं असे, त्याला पलीकडून आणखी पन्नास जागा मंजूर होऊन जात.

बाईंनी यावर काढलेला उपाय म्हणजे तो चहा. पलीकडे भटनागर नावाचे एक सेक्शन ऑफिसर होते. किडकिडीत, ऑक्टोबर ते मार्च एकच तपकिरी स्वेटर घालणारे, फार कमी बोलणारे. गेटाबाहेरच्या टपरीशेजारच्या बाकावर दोघं बसत. बाई आमच्या यादीतलं नाव वाचत, भटनागर आपल्या यादीत ते शोधत आणि सापडलं की बाई लाल पेन्सिलीने खूण करत. जिथे बाई नकारार्थी मान हलवत, त्या कॉलेजाची फाईल भटनागर परत गेल्यावर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत. आमचं रीतसर पत्र पोचेपर्यंत ती तिथेच राही. नियमात बसणारी माहिती नियमाने येईपर्यंत नुकसान होऊ नये, इतकाच त्यांचा हेतू. चाळीस मिनिटांत हे उरकत असे. मिरजेहून कुणी आलं की बाई भटनागरांसाठी शेंगदाण्याची चटणी नेत. ते तिला 'वो लाल वाली' म्हणत आणि तेवढं एक वाक्य मात्र दर वेळी बोलत.

बाईंचं फोनवर बोलणं ऐकण्यासारखं असे. अहवालासाठी कॉलेज लिहून देई, ग्रंथालय आहे, वसतिगृह आहे, प्रयोगशाळा आहे. बाई त्यावर विश्वास ठेवत नसत आणि अविश्वासही दाखवत नसत. त्या फोन लावत आणि मिरजेच्या चालीवरच्या हिंदीत विचारत, "लायब्ररी की चाबी किस के पास रहती है?" किंवा "आज होस्टेल में सब्जी कौन सी है?" एकदा पलीकडून कारकुनाने प्रामाणिकपणे विचारलं, "कौन सी लायब्ररी, मॅडम?" बाईंनी आभार मानून फोन ठेवला आणि रकान्यात लिहिलं, 'किल्ली कुणाकडे हे सांगता आले नाही.' त्याखाली काहीच नाही. वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

माझी शिकवणी झाली ती रिकाम्या रकान्यांवरून. नवा होतो तेव्हा मला एक मोठा तक्ता भरायला दिला होता. एकोणीस कॉलेजांनी शिक्षकांची संख्या कळवलीच नव्हती. रिकाम्या जागा वाईट दिसतात म्हणून मी तिथे एकोणीस शून्यं भरली. तक्ता कसा सुबक दिसायला लागला. बाईंनी तो पाहिला आणि चष्मा खाली ओढला.

"जाधव, या कॉलेजात एकही शिक्षक नाही?"

"कळवलं नाही बाई त्यांनी."

"मग नाही कळवलं म्हण की. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे कुणी मोजलंच नाही. एक त्यांची चूक, एक आपली. आपली चूक त्यांच्या नावावर कशाला?"

त्यांनी मला एकोणीस फोन करायला लावले. दोन दिवस लागले. एका ठिकाणी खरोखरच शून्य शिक्षक निघाले, बाकी अठरा ठिकाणी माणसं होती, वर्गात उभी राहून शिकवत होती, आणि मी त्यांना दोन सेकंदांत पुसून टाकलं होतं. तेव्हापासून रिकामा रकाना दिसला की माझा हात आधी फोनकडे जातो.

त्या मयूर विहारला राहत, मी द्वारकेला. संध्याकाळी मंडी हाऊसपर्यंत बरोबर चालत जायचो आणि तिथे दोन उलट दिशांच्या गाड्या पकडायचो. महिन्यातून एखाद्या रविवारी त्या मला जेवायला बोलवत. मुजावर साहेब रेल्वेतून निवृत्त झालेले, दिवसभर वर्तमानपत्राची एकच घडी उलगडत बसलेले असत. मुलगा गुडगावला कुठल्याशा कंपनीत. तो दिल्लीतच वाढलेला. बाई एकदा त्याला सांगत होत्या की आज दिवसभर पडताळणीत गेला, तर तो म्हणाला, "मम्मी, पडताळणी मतलब?" बाईंनी जरा विचार केला. "मतलब, फोन करके पूछना," म्हणाल्या. ऑफिसच्या कुठल्याही परिपत्रकात यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

मग पोर्टल आलं. तिन्ही ऑफिसांची माहिती एकाच ठिकाणी, एका क्लिकवर, आता पत्रं नाहीत, पिशव्या नाहीत. संचालक साहेब खरोखर आनंदात होते आणि मला वाटतं त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दीडशे पावलांना दोन महिने लागतात हे त्यांनाही लाजिरवाणं वाटत असणार. बैठकीत सँडविच दिले. पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले. शेवटी साहेबांनी विचारलं, कुणाला काही शंका? बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"खाली कॉलम रहा तो ये क्या करता है?"

"मॅडम, सिस्टम जीरो ले लेता है. डेटा क्लीन रहता है."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सँडविचकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीड पानांची टिप्पणी लिहून वर पाठवली. ती तीन सह्या घेऊन परत आली. शेवटच्या सहीपाशी लिहिलं होतं, 'पाहिले'. त्याच आठवड्यात आदेश निघाला, की पोर्टलबाहेर कोणत्याही माहितीची देवाणघेवाण करू नये.

बाईंनी आदेश पाळला. गुरुवारी चहाला जात राहिल्या, पण यादी न घेता. भटनागरही रिकाम्या हाताने येत. परत यायला त्यांना आता पंधराच मिनिटं लागत. मी म्हटलं, "बाई, आता कशाला जाता?" तर म्हणाल्या, "पोर्टलवर चहा मिळत नाही अजून."

एका मंगळवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. मांडीवर कापडी पिशवी. उत्तरेकडच्या एका डोंगराळ जिल्ह्यातल्या मुलींच्या कॉलेजच्या त्या प्राचार्या, नेगी. दोन रात्री बसने प्रवास करून आल्या होत्या. त्यांच्या कॉलेजाला नोटीस गेली होती, की तुमच्याकडे एकही शिक्षक नसल्यामुळे मान्यता काढून घेण्यात येत आहे. त्यावरून परीक्षेच्या ऑफिसने मुलींचे फॉर्म अडवले होते. फॉर्म भरायची शेवटची तारीख त्याच शुक्रवारची. पिशवीत शिक्षकांचं हजेरीपत्रक होतं, फोटो होते, आणि नऊ शिक्षकांनी कागदावर केलेल्या नऊ सह्या होत्या.

झालं होतं ते असं. पावसात रस्ता वाहून गेला होता आणि महिनाभर तिकडे नेट नव्हतं, म्हणून शिक्षकांची माहिती पोर्टलवर न भरता त्यांनी तपासणीला आलेल्या आमच्या माणसांच्या हातात कागदावर दिली होती. तो कागद मूळ अहवालाला जोडलेला, आणि मूळ अहवाल बाईंच्या कपाटात. पोर्टलवरचा रकाना रिकामा राहिला. सिस्टमने तिथे शून्य घेतलं. डेटा क्लीन झाला.

"साठ लडकियाँ हैं," नेगी मॅडम म्हणाल्या. "साल चला गया तो आधी को घरवाले दोबारा नहीं भेजेंगे. शादी कर देंगे." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं.

बाईंनी आधी रीतसर मार्ग धरला. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे कुणी ते विचारलंच नाही. पोर्टलच्या मदत केंद्राला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला. दुरुस्तीची सोय आता एक एप्रिललाच उघडेल असं उत्तर आलं. संचालक दौऱ्यावर होते. उपसंचालकांनी बुधवारी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आपकी बात बिल्कुल सही है. लेकिन सिस्टम से ही होगा." नेगी मॅडम दोन दिवस त्या बाकावर बसून होत्या. डबा आम्ही वाटून खात होतो. त्या खाताना पिशवी खाली ठेवत नसत.

गुरुवारी साडेतीनला बाई उठल्या. कपाट उघडलं, तो मूळ अहवाल काढला, पेन्सिल घेतली. रजिस्टरात नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि कारणात लिहिलं, 'चहा'. मग बाकाजवळ जाऊन म्हणाल्या, "चलिए, चाय पीते हैं."

त्या दिवशी चहाला अडीच तास लागले. भटनागर तो कागद घेऊन आपल्या साहेबांकडे गेले, आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसाने तिथे काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सहाच्या सुमाराला त्यांनी मान्यता काढायच्या यादीतलं कॉलेजाचं नाव हाताने कापलं, शेजारी सही केली आणि परीक्षेच्या ऑफिसला स्वतः फोन लावला. शुक्रवारी दुपारी साठ फॉर्म भरले गेले.

दीड महिन्याने कुणाच्या तरी लक्षात आलं, की पोर्टलवर शून्य आहे आणि पलीकडे मान्यता चालू आहे. चौकशी लागली. पलीकडच्या ऑफिसला विचारलं, त्यांचं उत्तर आलं: 'आपल्या कार्यालयाकडून कोणतीही माहिती मिळाल्याची नोंद या कार्यालयात नाही. सदर नाव स्वतःच्या स्तरावर खातरजमा करून वगळले आहे.' मी ते पत्र वाचून चिडलो. अकरा वर्षं चटणी खाल्ली, आणि नोंद नाही म्हणे. बाई म्हणाल्या, "खरं लिहिलंय की. नोंद कुठे आहे? आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय त्यांनी, नीट वाच."

मी पुन्हा वाचलं. खरंच घेतलं होतं.

पण चौकशी एकदा निघाली की रिकाम्या हाताने परत जात नाही. कुणीतरी हालचाल रजिस्टर चाळलं. बाईंना मेमो आला, की आपण दर गुरुवारी कामाच्या वेळेत चहासाठी बाहेर जात असल्याचे आपल्याच हस्ताक्षरातील नोंदींवरून दिसते, खुलासा करावा. निवृत्तीला चार महिने राहिले होते. ज्यांनी शासकीय कामाच्या नावाखाली साखरपुडे उरकले, त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांची नोंद चोख होती.

मी म्हटलं, "बाई, खरं ते लिहा. काम होतं म्हणून लिहा. मी साक्ष देतो."

"काय काम होतं असं विचारतील. मग भटनागरांनी तो कागद कुणाच्या परवानगीने घेतला, असं विचारतील. मग तो कागद रद्द, म्हणजे नाव परत यादीत. पोरींची परीक्षा व्हायची आहे अजून."

"पण तुमच्या सेवापुस्तकात शेरा येईल."

"येऊ दे. चहा प्यायलेच आहे मी."

खुलासा त्यांनी दोन ओळींत लिहिला. होय, मी दर गुरुवारी चहाला जात होते. याबद्दल दिलगीर आहे. लेखी ताकीद मिळाली आणि तिची नोंद झाली. मला त्या दिवशी त्यांचा रागच आला होता, त्यांच्या शांतपणाचा. चार वेळा नापास होऊन मला इतकं हरल्यासारखं वाटलं नव्हतं. त्यांना मात्र त्या संध्याकाळी मंडी हाऊसच्या जिन्यावर गुडघ्याशिवाय कशाचीच तक्रार नव्हती.

निकाल लागला तेव्हा नेगी मॅडमचा फोन माझ्या टेबलावर आला. मी बाईंना दिला. त्या ऐकत राहिल्या, मधेच "अच्छा, अच्छा" म्हणत. फोन ठेवून म्हणाल्या, "दोघी मानसशास्त्रात नापास. बाकी सगळ्या पास." मग म्हणाल्या, "म्हणजे परीक्षा खरी झाली." आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या. त्यांना इतका वेळ काहीही न करता बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्याचा शेवटचा दिवस नेमका गुरुवारी आला. बारा वाजता निरोप समारंभ झाला, शाल झाली, समोसे झाले. संचालक साहेब बोलले आणि चांगलं बोलले, त्यात पोर्टलचाही उल्लेख झाला. साडेतीनला बाई उठल्या. लाल पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली, टोक माझ्याकडे न करता. कपाटाची किल्ली दिली. मग रजिस्टर उघडून नाव लिहिलं, वेळ लिहिली. त्या गेल्यावर मी जाऊन पाहिलं. कारणाच्या रकान्यात अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं होतं, 'शासकीय काम'.

मी खिडकीशी गेलो. तिसऱ्या मजल्यावरून पलीकडचं गेट दिसतं. बाई गुडघा सांभाळत रस्ता ओलांडून टपरीपाशी पोचल्या. भटनागर आधीच तिथे उभे होते. मार्चचा शेवट होता, अंगात स्वेटर होता. दोघांच्या हातात ग्लास होते आणि दुसरं काही नव्हतं. बाकावर बसून बाई काहीतरी सांगत होत्या आणि भटनागर हसत होते. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग मला माझ्या टेबलावरचा फोन ऐकू आला आणि मी खिडकीपासून हललो. परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. त्या तिथूनच मेट्रोला गेल्या असणार.

सोमवारी रजिस्टर सांभाळणारे रावतजी ते घेऊन माझ्याकडे आले.

"सर, मुजावर मॅडम का वापसी का टाइम खाली है. महीना बंद करना है. जीरो-जीरो डाल दूँ?"

"नहीं," मी म्हटलं. "खाली रहने दीजिए."

"ऑडिटवाले पूछेंगे, सर."

"पूछने दीजिए, रावतजी," मी म्हटलं. "पूछें तो सही."